घोड्याच्या पाठीवरचा हात : मोतद्दाराकडून मालकाकडे

खरारा, मोतद्दार, चंदी, पागा हे शब्द आजच्या विद्यार्थ्यांना बहुधा ऐतिहासिक कादंबऱ्यांतच भेटतात. खरारा म्हणजे घोड्याचे अंग घासण्याचे दातेरी साधन, आणि त्या साधनाने अंग घासण्याची क्रियाही. मोतद्दार म्हणजे हे काम करणारा चाकर. घोडा मालकाचा, पण त्याच्या अंगावरून रोज फिरणारा हात चाकराचा, ही विभागणी जगातल्या बहुतेक देशांत काही हजार वर्षे टिकली. गेल्या पन्नास-साठ वर्षांत मात्र युरोप-अमेरिकेत एक वेगळी गोष्ट घडली. घोड्याचे मालक स्वतः पुस्तके वाचून, शिबिरांना जाऊन आपल्या घोड्याची मान, खांदे आणि पुठ्ठे चोळायला शिकू लागले.

वरवर पाहता हा हौशी लोकांचा छंद वाटेल. परंतु या छोट्याशा बदलामागे विज्ञानाच्या शिक्षकाला रस वाटावा असे दोन प्रश्न आहेत. पहिला प्रश्न इतिहासाचा : जे ज्ञान चाकराच्या हातात होते ते मालकाच्या हातात कसे आले? दुसरा प्रश्न पुराव्याचा : घोडा बोलत नाही, मग आपल्या चोळण्याने त्याला बरे वाटले हे मालकाला कळते कसे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर त्याची किंमत घोड्याला मोजावी लागते.

मातीच्या विटांवरचे वेळापत्रक

घोड्याची निगा कशी राखावी याविषयीचे फार जुने लेखन तुर्कस्तानात बोगाझकोय येथे, म्हणजे हित्ती लोकांच्या राजधानीच्या अवशेषांत सापडले. मितन्नी राज्यातील किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाच्या नावे असलेल्या या मातीच्या विटा आहेत. काळ इ. स. पूर्व चौदाव्या शतकाच्या आसपासचा. रथाचे घोडे कोणत्या दिवशी किती पळवावेत, केव्हा धुवावेत, केव्हा पांघरूण घालून उभे करावेत, किती जव द्यावेत, याचे दिवसवार वेळापत्रक त्यांत आहे. आपल्याला विशेष वाटावे असे त्यात काही शब्द आहेत. फेऱ्या मोजताना किक्कुली ‘ऐकवर्तन्न’, ‘पन्झवर्तन्न’, ‘सत्तवर्तन्न’ असे शब्द वापरतो. एक, पाच आणि सात हे आपले आकडे त्यांत सहज ओळखू येतात. ‘वर्तन’ म्हणजे वळण किंवा फेरी. घोड्यांची ही विद्या आणि तिची भाषा किती दूरवर फिरत होती, याचा हा पुरावा आहे.

यानंतर सुमारे हजार वर्षांनी ग्रीसमध्ये झेनोफोन होऊन गेला. तो सैनिक होता, इतिहासकार होता आणि सॉक्रेटिसचा शिष्यही होता. इ. स. पूर्व चौथ्या शतकात त्याने अश्वविद्येवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. हा ग्रंथ मालकासाठी आहे. तबेला घरात अशा ठिकाणी असावा की घोडा मालकाच्या नजरेस वारंवार पडेल, असे तो सांगतो. पण अंग घासण्याचे काम मात्र तो चाकराला शिकवायला सांगतो. त्याच्या दोन सूचना आज वाचल्या तरी थांबून विचार करायला लावतात. घोड्याच्या पाठीच्या कण्यावर कोणतेही साधन वापरू नये, केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने फक्त हाताने चोळावे, ही पहिली. शिंगराला माणसाची सवय लावताना त्याला जिथे स्पर्श सर्वांत आवडतो तिथे हात लावावा, आणि अशा जागा म्हणजे जिथे केस दाट आहेत व जिथे काही त्रास झाला तर घोडा स्वतः काही करू शकत नाही त्या, ही दुसरी. ही दुसरी सूचना आपण लक्षात ठेवू. तेवीस शतकांनंतर तिची परीक्षा झाली, ती हकीकत पुढे येईल.

आपल्याकडील परंपरा

कौटिलीय अर्थशास्त्रात अश्वाध्यक्ष या अधिकाऱ्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. घोड्यांची नोंद, त्यांचा शिधा, त्यांच्या चाली यांबरोबरच घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान घालावे असेही तिथे सांगितले आहे. त्याहून महत्त्वाचा नियम वैद्यांविषयीचा आहे. उपचारातील किंवा औषधातील दोषामुळे घोड्याचे दुखणे वाढले तर वैद्याला उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड. घोडा दगावला तर त्याची किंमत भरायची. उपचार करणाऱ्याने परिणामाची जबाबदारी घेतली पाहिजे, हा विचार त्या काळी कायद्यात उतरला होता.

शालिहोत्र हे नाव तर भारतीय अश्ववैद्यकाशी इतके एकरूप झाले की त्यावरूनच उत्तर हिंदुस्थानात जनावरांच्या वैद्याला ‘सलोत्री’ म्हणू लागले.

मराठ्यांच्या घोडदळात घोड्याच्या मालकीवरून दोन वर्ग होते. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, तर शिलेदाराचा घोडा स्वतःचा. पागेत दर पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे, असे सभासद बखरीत नमूद आहे. म्हणजे पाणी आणि नाल या दोन गोष्टींची सोय सरकार पाहत होते. शिलेदाराला मात्र घोड्याची सगळी जबाबदारी स्वतःच घ्यावी लागे. त्याचा घोडा लंगडला तर त्याचे पोटच लंगडे झाले. अशा माणसाला घोड्याच्या पायावरून हात फिरवून ऊब आणि सूज ओळखता येणे ही चैन नव्हती, गरज होती.

घोड्यापेक्षा बैलाच्या बाबतीत ही परंपरा आपल्या अधिक जवळची आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकून तूप-हळदीने मळण्याची चाल महाराष्ट्रात अनेक ठिकाणी आहे. खांदेमळणी असे तिचे नाव. जुवाचा भार जिथे पडतो नेमकी तीच जागा मळली जाते, आणि हे काम धनी स्वतः करतो. स्वतःच्या हाताने स्वतःच्या जनावराचे अंग चोळणे ही कल्पना आपल्या शेतकऱ्याला परदेशातून शिकावी लागली नाही.

गवताचा बोळा आणि स्वीडिश व्यायामशाळा

विलायतेतील तबेल्यांत एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात खराऱ्यानंतर आणखी एक काम असे. वाळलेले गवत पिळून, त्याची दोरी वळून, हातात मावेल असा घट्ट बोळा करायचा. तो थोडा ओलसर करून मानेवर, खांद्यावर आणि पुठ्ठ्यावर दणक्याने आपटायचा व केसांच्या दिशेने ओढायचा. कंबर, डोके आणि पाय यांना बोळा लावायचा नाही. दोन-चार दिवसांत घोड्याला लय कळते. बोळा येणार असे वाटताच तो स्नायू आवळतो आणि मग सैल सोडतो. मोतद्दाराला शरीरशास्त्र येत नव्हते, पण जाड स्नायू कोठे आहेत आणि हाड कोठे वर आले आहे हे त्याच्या हाताला ठाऊक होते.

याच काळात माणसाच्या मालिशीला शास्त्राची चौकट मिळत होती. पेर हेनरिक लिंग याने १८१३ मध्ये स्टॉकहोमला शारीरिक शिक्षणाची मध्यवर्ती संस्था सुरू केली. पुढे योहान गेओर्ग मेझगर या डच डॉक्टरने वैद्यकीय मालिशीला प्रतिष्ठा मिळवून दिली. १८९४ मध्ये लंडनमध्ये प्रशिक्षित मालीशकार स्त्रियांची संघटना स्थापन झाली. आजच्या फिजिओथेरपीचे एक मूळ तिथे आहे. म्हणजे माणसाचे अंग चोळणे हा अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र असलेला व्यवसाय झाला. घोड्याचे अंग चोळणे मात्र तबेल्यातील चाकरीच राहिली. ती करणाऱ्यांनी स्वतः तिच्यावर क्वचितच लिहिले. विज्ञानाच्या इतिहासात हाताचे ज्ञान असे अनेकदा कागदाबाहेर राहिले आहे.

मोतद्दार गेला, मालक शिकू लागला

मग मोटार आली. अमेरिकेत १९१५ च्या सुमारास घोडे आणि खेचरे मिळून अडीच कोटींच्या वर जनावरे होती. १९६० पर्यंत ती सुमारे तीस लाखांवर आली. शेतातून ट्रॅक्टरने, रस्त्यावरून मोटारीने आणि सैन्यातून रणगाड्याने घोडा हटवला. घोड्याबरोबर मोतद्दारही गेला. त्यानंतर जे घोडे उरले ते मुख्यतः हौसेचे, शर्यतीचे आणि खेळाचे. नोकरी करून, सुटीच्या दिवशी घोड्यावर बसणारा एक नवा मालकवर्ग तयार झाला. त्याला चाकर परवडत नव्हता आणि त्याच्या घरात घोड्यांची परंपराही नव्हती. जे काम पूर्वी पाहून-पाहून शिकले जाई ते त्याला शिकवावे लागणार होते, आणि शिकवायचे तर ते शब्दांत मांडावे लागणार होते.

या मांडणीत तीन व्यक्तींची नावे विशेष घ्यावी लागतात. लिंडा टेलिंग्टन-जोन्स ही १९३७ मध्ये कॅनडात जन्मलेली अश्वशिक्षिका. १९६५ मध्येच तिने पतीबरोबर खेळाडू घोड्यांच्या मालिशीवर एक पुस्तक लिहिले होते. १९७५ मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोला मोशे फेल्डेनक्राइस यांच्या वर्गात दाखल झाली. हे गृहस्थ पदार्थविज्ञानाचे डॉक्टर. पॅरिसमध्ये फ्रेडरिक जोलियो-क्युरी यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी काम केले होते, ज्यूदोचे ते जाणकार होते आणि स्वतःच्या दुखावलेल्या गुडघ्याच्या निमित्ताने माणसाच्या हालचालींच्या अभ्यासाकडे वळले होते. सवयीबाहेरची हळुवार हालचाल दिली की चेतासंस्था नवे शिकते, असे त्यांचे म्हणणे होते. लिंडाने हे घोड्याला लावून पाहिले. बोटांनी कातडी एका वर्तुळाहून किंचित अधिक फिरवायची आणि सोडायची, ही तिची मूळ क्रिया. ती इतकी सोपी आहे की शाळकरी मुलालाही जमते, आणि म्हणूनच ती मालकांमध्ये पसरली.

दुसरे जॅक मेहर. हे अमेरिकेतील खेळाडूंचे मालीशतज्ज्ञ. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या वेळी त्यांनी अमेरिकन अश्वसंघाच्या घोड्यांवर काम केले आणि १९८५ मध्ये घोड्यांच्या स्नायूंच्या दुखापतींवर पुस्तक लिहिले. स्नायू जिथे हाडाला जोडला जातो त्या टोकांजवळ ताण साठतो, असे सांगून त्यांनी अशा जागांचा नकाशाच दिला. तिसरे जिम मास्टरसन. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात जोर लावण्यापेक्षा घोड्याच्या प्रतिक्रियेकडे लक्ष देण्यावर भर आहे. अगदी हलक्या हाताने स्पर्श करीत जावे आणि घोड्याने पापणी मिटली, ओठ हलवले, जांभई दिली की तिथे थांबावे, असे ते शिकवतात.

कायद्यानेही मालकाला वाट दिली. ब्रिटनच्या १९६६ च्या पशुवैद्यक कायद्यानुसार प्राण्यावर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्याचा आहे. परंतु त्याच कायद्यात एक अपवाद आहे. मालकाने, त्याच्या घरच्या माणसाने किंवा त्याच्या नोकराने आपल्या जनावरावर किरकोळ औषधोपचार केले तर ते चालतात. याच देशात १९८५ मध्ये प्राण्यांवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांची संघटना स्थापन झाली.

हाताखाली काय असते?

मालकाचा हात ज्या शरीरावर फिरतो ते जरा पाहू. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर उभा असतो. पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो तो खरे तर त्याचा मनगटाचा सांधा. त्याच्या खाली मुख्यतः हाडे, कंडरा आणि कातडी असते. स्नायूंचे मांसल भाग सगळे वर असतात. म्हणून पायाच्या खालच्या भागावर हात फिरवायचा तो चोळण्यासाठी नव्हे, तर ऊब आणि सूज तपासण्यासाठी.

दुसरी गोष्ट अधिक रंजक आहे. घोड्याला गळपट्टीचे हाड नसते. माणसाचा हात या हाडाच्या आधाराने धडाला जोडलेला असतो. घोड्याचे पुढचे पाय मात्र धडाला हाडाने जोडलेलेच नसतात. दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये त्याची छाती स्नायूंच्या झोळीत टांगल्यासारखी असते. शरीराचे सुमारे साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असते, त्यात स्वाराची भर पडते. खांद्याच्या मागचे आणि मानेच्या मुळाचे स्नायू थकलेले का सापडतात, हे यावरून समजते.

तिसरी गोष्ट त्वचेची. घोड्याच्या अंगावर माशी बसली की तेवढीच कातडी थरथरते. कातडीखाली स्नायूचा एक पातळ पडदा आहे, त्याचे हे काम. माशीचा स्पर्श ज्याला जाणवतो त्याला आपला हात किती जाणवत असेल याची कल्पना करावी.

मालिशीने ‘लॅक्टिक आम्ल बाहेर पडते’, ‘विषे निघून जातात’ असे मात्र वारंवार सांगितले जाते, आणि ते खरे नाही. कष्टानंतर साठलेले लॅक्टेट शरीर स्वतःच तास-दोन तासांत वापरून टाकते. त्यासाठी कोणाच्या हाताची गरज नसते. चुकीचे कारण सांगितल्यामुळे परिणाम खोटा ठरत नाही. पण तो खराही ठरत नाही.

हान्सची साक्ष

आता पुराव्याच्या प्रश्नाकडे येऊ. मालक सांगतो, ‘मी चोळले आणि घोडा मोकळा झाला.’ यावर विश्वास ठेवावा का? याचे उत्तर एका घोड्यानेच शंभर वर्षांपूर्वी दिले आहे.

बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाने आपल्या हान्स या घोड्याला गणित शिकवले होते. विचारलेल्या बेरजेचे उत्तर तो टापा आपटून देई. १९०४ मध्ये नेमलेल्या समितीला यात काही लबाडी आढळली नाही, आणि लबाडी नव्हतीच. मग ऑस्कर प्फुंग्स्ट याने पद्धतशीर प्रयोग केले. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर माहीत नसेल, किंवा हान्सला प्रश्नकर्ता दिसत नसेल, तर हान्सची उत्तरे चुकत. उत्तराचा आकडा जवळ आला की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलते. हान्स ती हालचाल टिपत होता. प्फुंग्स्टचे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले.

ही गोष्ट आपण वर्गात सांगतो ती प्रयोगातील फसगतीचे उदाहरण म्हणून. मालिशीच्या बाबतीत तिचे दोन अर्थ निघतात. एक असा, की घोडा माणसाच्या शरीरातील अतिसूक्ष्म बदल वाचतो. घाईत असलेल्या, रागावलेल्या किंवा घाबरलेल्या माणसाचा हात त्याला वेगळा जाणवत असणार. घोड्याजवळ रागाने जाऊ नये, हे झेनोफोननेही लिहून ठेवले आहे. दुसरा अर्थ असा, की घोड्याचा मालक हा सर्वांत भाबडा साक्षीदार असतो. फॉन ऑस्टेन खोटे बोलत नव्हता. त्याला जे दिसावेसे वाटत होते तेच दिसत होते.

हा दोष हौशी माणसांपुरता नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत सांधेदुखीने लंगडणाऱ्या ५८ कुत्र्यांच्या नोंदी तपासण्यात आल्या. या कुत्र्यांना औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला औषधासारख्या गोळ्या दिलेल्या होत्या. पाय किती जोराने जमिनीवर पडतो हे यंत्राने मोजलेले होते. यंत्राला सुधारणा दिसत नसताना मालकांना ती निम्म्याहून अधिक वेळा दिसली. पशुवैद्यांनाही ती ४० ते ४५ टक्के वेळा दिसली. म्हणजे शिक्षणाने हा दोष थोडा कमी होतो, जात नाही.

घोड्यालाच विचारले तर

मग घोड्याला कसे विचारायचे? त्याच्या हृदयाचे ठोके मोजून. स्वस्थ उभ्या असलेल्या प्रौढ घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. ते माणसाच्या इच्छेनुसार बदलत नाहीत.

फ्रान्सच्या दक्षिणेस कामार्ग या दलदलीच्या प्रदेशात पांढरे घोडे कळपाने राहतात. दोन घोडे उलट-सुलट उभे राहून एकमेकांची अंगे दातांनी खाजवतात, ही त्यांची नित्याची सवय. ही खाजवण्याची जागा ठरलेली असते : मानेचा शेवट आणि पाठीची सुरुवात जिथे होते तो उंचवटा आणि त्याच्या आसपासचा भाग. स्वतःच्या दातांनी किंवा शेपटीने घोड्याला ही जागा गाठता येत नाही. १९९३ मध्ये क्लोदिया फे आणि झान द माझिएर यांनी या घोड्यांना हाताने तसेच खाजवून पाहिले. आवडत्या जागी खाजवले की ठोके कमी झाले. दुसऱ्या जागी खाजवल्याने झाले नाहीत. त्या जागेजवळच स्वायत्त चेतासंस्थेचे एक मोठे केंद्र आहे, हेही त्यांनी दाखवून दिले. झेनोफोनची सूचना आठवते? केस दाट असलेली आणि घोडा जिथे स्वतः काही करू शकत नाही अशी जागा. आयाळीच्या मुळाशी असलेला हा उंचवटा त्या वर्णनात नेमका बसतो. ही सूचना बहुधा कोणा अनामिक चाकराच्या हाताने आधी शोधली असेल, झेनोफोनने ती लिहिली आणि कामार्गमध्ये ती मोजली गेली.

२००४ मध्ये इंग्लंडमध्ये दहा तट्टांवर असाच एक लहान प्रयोग झाला. शरीराच्या सहा जागी मालीश करून ठोके मोजले. एकमेकांना खाजवण्याच्या जागी ते अधिक उतरले. २००८ च्या एका अमेरिकन अभ्यासात तर पाठीवर किती दाब दिल्यावर घोडा ‘नको’ म्हणतो हेच मापकाने मोजले. आठवडाभरानंतर मालीश केलेल्या घोड्यांत ही सहनमर्यादा सुमारे १२ टक्क्यांनी वाढली होती, नेहमीची वेदनाशामक गोळी दिलेल्यांत सुमारे ८ टक्क्यांनी. हे आकडे वाचून हुरळून जाऊ नये. ते घोडे आजारी नव्हते. निरोगी घोड्याची पाठ दाबाला थोडी अधिक सोसते यावरून दुखणे बरे होते असा निष्कर्ष निघत नाही.

आणि एक नावडते सत्यही मोजले गेले. २०१९ मध्ये लेआ लांसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये घोडेस्वारांना त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने खरारा करू दिला आणि घोड्यांच्या खुणा टिपल्या. बहुसंख्य घोडे सुखावण्यापेक्षा टाळण्याच्या खुणा अधिक दाखवत होते : कान मागे, शेपटीचा फटका, दूर सरकणे. मालक समजत होते की आपण प्रेम करतो आहोत.

तेव्हा हिशोब असा मांडता येईल. योग्य जागी, योग्य स्पर्शाने घोडा शांत होतो, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. स्नायूंचा दुखरेपणा काही काळ कमी होत असावा, याला थोडा पुरावा आहे. मालिशीने आजार बरे होतात, याला पुरावा नाही.

हात कुठे थांबावा?

घोडा हा भक्ष्य होणारा प्राणी आहे. लंगडणारा घोडा लांडग्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून दुखणे लपवणे त्याच्या स्वभावातच आहे. त्यामुळे मालकाला ‘आखडलेला स्नायू’ वाटतो तो पुष्कळदा खुरातील गळवाचा, कंडरेच्या इजेचा किंवा न बसणाऱ्या खोगिराचा परिणाम असतो. दुखऱ्या पायाला वाचवताना दुसरीकडचे स्नायू ताठतात. ते चोळले की घोडा दोन दिवस बरा दिसतो आणि मूळ दुखणे वाढत राहते. कष्टानंतर पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे कडक होऊन घोडा जागचा हलेनासा होतो आणि लघवी गडद होते, तेव्हा स्नायूंचे तंतूच तुटत असतात. अशा वेळी चोळत बसणे म्हणजे पशुवैद्याला बोलावण्याची वेळ दवडणे.

मालकाच्या हाताचा खरा फायदा मला वेगळाच वाटतो. जो रोज हात फिरवतो त्याला कालची ऊब आणि आजची ऊब यांतला फरक कळतो. सूज सुपारीएवढी असतानाच सापडते. हे उपचारापेक्षा निरीक्षणाचे काम आहे, आणि ते पशुवैद्य आठवड्यातून एकदा येऊन करू शकत नाही. माथेरानमध्ये किंवा इतरत्र ज्यांचा चरितार्थ घोड्यावर चालतो त्यांना हे सांगण्याची गरज नाही. जुन्या शिलेदारालाही नसावी. मोटारीच्या युगातल्या मालकाला ते पुस्तकातून नव्याने शिकावे लागले, एवढेच.

वर्गासाठी एक प्रयोग

घोडा सर्वांच्या गावी नसतो, पण गाय किंवा बैल पुष्कळांच्या घरी असतो. गाई-बैलांची नाडी शेपटीच्या मुळाशी, खालच्या बाजूने बोटे ठेवली की लागते. ओळखीचे, गरीब जनावर निवडावे, ते बांधलेले असावे आणि त्याचा धनी शेजारी असावा. मागे उभे न राहता बाजूला उभे राहून नाडी मोजावी. एका विद्यार्थ्याने मिनिटाचे ठोके मोजावेत. दुसऱ्याने पाच मिनिटे एकदा मानेच्या खाली पोळीला आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुढच्या पायाच्या खालच्या भागाला हळुवार खाजवावे. नंतर पुन्हा ठोके मोजावेत. मोजणाऱ्याने खाजवताना पाठ फिरवून दूर उभे राहावे, म्हणजे आज कोणती जागा होती हे त्याला कळणार नाही.

आधी मात्र सर्वांनी आपापला अंदाज वहीत लिहून ठेवावा. दहा-बारा दिवसांच्या नोंदी झाल्या की अंदाज आणि आकडे शेजारी मांडून पाहावेत. ज्यांना उत्तर आधीच ठाऊक आहे असे वाटत होते त्यांच्या नोंदी अधिक लक्षपूर्वक तपासाव्यात. जनावराला बरे वाटावे अशी आपली इच्छा असते, आणि ती चांगलीच आहे. पण तिला मोजमापाच्या कामावर बसवायचे नाही, एवढे विद्यार्थ्यांच्या हाताला कळले तरी या प्रयोगाचे काम झाले.